काचेची बाटली, पाच दिवस आणि पाताळगंगा

१/
बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत, नाना फडणवीसांनी बांधविलेला विस्तीर्ण तलाव आणि त्याच्या काठचे वीरेश्वराचे मंदिर आजही उभे आहे. घाट चढू पाहणाऱ्या वाटसरूंची आणि गुराढोरांची तहान भागविणारे हे पाणी चांगले की वाईट, हे त्या काळी डोळे, नाक आणि जीभ ठरवीत. आज त्याच खोपोलीतून वाहणाऱ्या पाताळगंगेचे पाणी काचेच्या बाटलीत भरले जाते, अंधाऱ्या पेटीत तीन दिवस ठेवले जाते आणि मग एक आकडा हाती येतो. त्याला ‘बीओडी’ म्हणतात, म्हणजेच जैवरासायनिक प्राणवायू मागणी.

२/
हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. तो इंग्लंडमधील नद्यांच्या काठी, तिथल्या हवामानाला आणि तिथल्या प्रवाहांना जुळेल असा घडविला गेला. पुढे तो कायद्याच्या भाषेतून कर्जत आणि खालापूरच्या नद्यांपर्यंत पोहोचला. गंमत अशी की, हा आकडा ज्या वर्षांत पक्का होत होता, त्याच वर्षांत या दोन तालुक्यांच्या नद्यांचे पाणीच बदलले जात होते. या धाग्यात या दोन गोष्टी एकत्र पाहायच्या आहेत.

३/
आधी मूळ कल्पना. पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळलेला असतो, पण अगदी थोडा. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम; ३० अंशांना जेमतेम साडेसात. मासे, खेकडे, कीटकांच्या अळ्या, सारे यावरच जगतात.

अशा पाण्यात मैला, भाताची पेज, कागदाचा लगदा, खरकटे असे काही सेंद्रिय मिसळले की सूक्ष्म जीवाणू त्यावर तुटून पडतात. खाताना तेही श्वास घेतात आणि प्राणवायू संपवू लागतात. घाण जितकी अधिक, तितका प्राणवायू अधिक खर्ची पडतो. म्हणून घाण थेट मोजण्याऐवजी तिने खाल्लेला प्राणवायू मोजायचा. सावलीवरून खांबाची उंची काढण्यासारखाच हा प्रकार.

४/
ही युक्ती सुचण्यामागे एक वाद होता. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी लंडनच्या संसदेत शिरली, तेव्हापासून नद्यांचे काय करायचे हा प्रश्न ब्रिटिश राज्यकर्त्यांची पाठ सोडत नव्हता. त्या काळी एक दिलासादायक समजूत प्रचलित होती: वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, काही मैल गेले की घाण ‘जळून’ जाते. आपल्याकडेही ‘वाहतं पाणी बाटत नाही’ अशा अर्थाची श्रद्धा काही कमी नाही.

५/
१८६८ मध्ये नेमलेल्या नदीप्रदूषण आयोगावर एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी सांडपाणी मिसळलेले पाणी बंद बाटल्यांत ठेवले आणि दिवसागणिक त्यात किती प्राणवायू उरतो ते पाहिले. प्राणवायू घटत होता खरा, पण फार सावकाश. त्यावरून आयोगाने काढलेला निष्कर्ष कठोर होता: सांडपाणी केवळ प्राणवायूच्या जोरावर नष्ट करण्याइतकी लांब नदी अख्ख्या ब्रिटनमध्ये नाही.

६/
प्राणवायू नेमके कोण खाते, हे मात्र तेव्हा स्पष्ट नव्हते. ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे, असेच बहुतेकांना वाटे. १८८० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्ट द्युप्रे आणि विल्यम डिबडिन यांनी सांडपाण्यावर केलेल्या कामातून जीवाणूंचा वाटा पुढे आला. येथून पुढे घाणीचा प्रश्न रसायनाइतकाच जीवशास्त्राचाही झाला.

७/
तरीही पाण्यातला प्राणवायू अचूक मोजणे जिकिरीचे होते. पाणी उकळून त्यातले वायू बाहेर काढायचे आणि मग ते वेगळे करायचे, अशी पद्धत. ही अडचण सोडविली बुडापेस्टच्या लायोश विंक्लर या पंचविशीतल्या संशोधकाने, १८८८ मध्ये. त्याची रीत आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत शिकवली जाते, आणि ती डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे.

पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका तळाशी बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल घातले की साका विरघळतो आणि जितका प्राणवायू होता तितके आयोडीन मोकळे होते. थोडा स्टार्च टाकला की पाणी गडद निळे. आता थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचे आणि निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, तिथे थांबायचे. थेंबांचा हिशेब म्हणजेच प्राणवायूचा हिशेब.

८/
पांढरा साका ही खरी वाईट बातमी. त्या पाण्यात मासा जगणार नाही, हे सांगायला गणिताचीही गरज पडत नाही.

९/
आता मुख्य पात्राचा प्रवेश. १८९८ मध्ये ब्रिटिश सरकारने सांडपाणी विल्हेवाटीसाठी राजआयोग नेमला. तो सतरा वर्षे चालला. त्याच्या आठव्या अहवालाने, १९१२ साली, जगाला बीओडीची चाचणी आणि तिच्यावर आधारलेले मानक दिले. नमुना बाटलीत बंद करायचा, ६५ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवायचा, आधीचा आणि नंतरचा प्राणवायू मोजायचा. दोहोंतला फरक म्हणजे बीओडी.

१०/
पाचच दिवस का? पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे उत्तर असे: ब्रिटनमधल्या कोणत्याही नदीचे पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोहोचायला पाच दिवसांहून अधिक घेत नाही. त्यानंतर घाण समुद्राची. आणि तापमान? ते तिथल्या उन्हाळ्याचे.

पाच दिवसांत सारी घाण कुजून संपत नाही. घरगुती सांडपाण्याची साधारण दोन तृतीयांश मागणीच तेवढ्यात पुरी होते. म्हणजे हा आकडा घाणीची पूर्ण मोजणी नसून ठरावीक मुदतीतली उचल आहे.

११/
आयोगाने नद्यांची प्रतवारीही केली. बीओडी लिटरमागे १ मिलिग्रॅम असेल तर नदी अतिशय स्वच्छ, २ असेल तर स्वच्छ, ३ असेल तर बऱ्यापैकी स्वच्छ, ५ असेल तर संशयास्पद आणि १० असेल तर वाईट. ४ च्या वर नदी जाऊ नये, अशी सीमारेषा त्यांनी धरली.

१२/
या सीमारेषेतून जगप्रसिद्ध ‘वीस-तीस’ मानक निघाले: सोडलेल्या सांडपाण्याचा बीओडी २० पेक्षा आणि त्यातले तरंगते घनकण ३० पेक्षा अधिक नसावेत. हा २० आला कुठून, ते पाहणे उद्बोधक आहे.

एक भाग सांडपाणी, बीओडी २०. त्याला मिळणारे नदीचे स्वच्छ पाणी आठ भाग, बीओडी प्रत्येकी २. एकूण २० अधिक १६ म्हणजे ३६. भाग नऊ. छत्तीस भागिले नऊ, उत्तर चार. सीमारेषा बरोबर गाठली!

१३/
या साध्या भागाकारात सगळा इतिहास दडला आहे. २० हा आकडा सांडपाण्याविषयी जितके सांगतो, तितकेच त्याला सामावून घेणाऱ्या नदीविषयी सांगतो. आठपट स्वच्छ पाणी असेल, तरच २० ला अर्थ. आयोगाला हे पूर्ण ठाऊक होते. जिथे पाणी कमी तिथे मानक अधिक कडक हवे, असे त्यांनी सांगितलेही. पुढच्या काळात भागाकार विसरला गेला आणि उत्तर तेवढे उरले.

१४/
आता सह्याद्रीत यावे. लंडनमध्ये आठव्या अहवालाची जुळवाजुळव चालली होती, तेव्हा लोणावळ्याला वेगळेच काम सुरू झाले होते. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० ची. १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वळवण धरणाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे पाणी अडवायचे, घाटमाथ्यावरून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला आणायचे आणि त्या वेगावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायची, अशी ही योजना.

खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले. राजआयोगाचा अंतिम अहवालही १९१५ चाच. हा केवळ योगायोग, पण लक्षात ठेवण्याजोगा.

१५/
जनित्रे फिरवून झाल्यावर पाणी जाते कुठे? ते खाली नदीत सोडले जाते. त्याला ‘अवजल’ म्हणतात. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत येते. पुढे १९२२ मध्ये आंध्रा खोऱ्यातल्या धरणाचे पाणी घेऊन कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले, आणि त्याचे अवजल उल्हास नदीला मिळू लागले.

कोकणातल्या नद्यांचा स्वभाव सर्वांना माहीत आहे. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून रोरावणारी नदी मार्च-एप्रिलात खडकांमधल्या डबक्यांवर येते. पाताळगंगा आणि उल्हास मात्र उन्हाळ्यातही वाहत राहिल्या, त्याचे मोठे कारण हे घाटमाथ्यावरून उतरलेले पाणी.

१६/
बारमाही पाणी, जवळ मुंबई, १८५६ मध्येच खोपोलीपर्यंत आलेला लोहमार्ग, वर घाटातून जाणारा पुणे रस्ता. स्वातंत्र्यानंतर खालापूर तालुक्यात कारखाने आले यात नवल नाही. १९६० मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कारखान्याभोवतीच्या वसाहतीला नावच ‘रसायनी’ पडले. खोपोलीत पोलाद, कागद, रसायने. १९८२ पासून पाताळगंगेच्या काठी पॉलिएस्टर धागा. एखाद्या परिसराचा आर्थिक इतिहास गावाच्या नावातच वाचता यावा, अशी उदाहरणे महाराष्ट्रात थोडी आहेत.

नदीकडे आता दोन कामे आली: कारखान्यांना पाणी पुरवणे आणि त्यांचे सांडपाणी वाहून नेणे. शिवाय काठच्या गावांना आणि पनवेलच्या बाजूलाही हेच पाणी जाऊ लागले.

१७/
कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र केंद्राच्या पुढे होता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम १९६९ चा. त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल अधिनियम १९७४ मध्ये आला आणि महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला.

कायदा म्हटला की आकडा हवा. भारतीय मानक संस्थेने १९७३ मध्ये सांडपाण्यासाठी जे मानक दिले, त्यात नदीत सोडण्याच्या सांडपाण्याचा बीओडी २० आणि तरंगते कण ३०. ओळखीचे वाटते? एकसष्ट वर्षांपूर्वीचा राजआयोगच तो. आठपट पाण्याची अट मात्र सोबत आली नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी नदीत सोडताना बीओडीची मर्यादा ३० ठरली. १९९३ च्या केंद्रीय सर्वसाधारण मानकांतही ३० च आहे.

१८/
एक गोष्ट मात्र भारतीय वैज्ञानिकांनी डोळे झाकून स्वीकारली नाही. खोपोलीच्या मे महिन्यात २० अंश तापमान कुठून आणायचे? जीवाणू उष्णतेत झपाट्याने खातात. २७ अंशांना तीन दिवसांत जेवढे कुजते, ते २० अंशांच्या पाच दिवसांतल्या कुजण्याच्या जवळपास जाते. शिवाय थंड पेटी पाच दिवस अखंड चालवायची, तर विजेचा भरवसा हवा. १९९० च्या दशकात भारतीय मानकाने आणि केंद्राच्या नियमांनी ‘२७ अंश, तीन दिवस’ ही रीत मान्य केली. ब्रिटिश उन्हाळा गेला, भारतीय सरासरी आली.

१९/
पण दिवसांमागचा मूळ तर्क इथे लागूच होत नाही. खोपोलीहून निघालेली पाताळगंगा फार लांब जात नाही. खालापूर, सावरोली, रसायनी, खारपाडा असे करत ती धरमतरच्या खाडीला मिळते. तिथे समुद्र घाण स्वीकारून मोकळा होत नाही. भरती येते आणि ओहोटीबरोबर गेलेले पाणी पुन्हा आत ढकलते. थेम्सच्या मुखाशीही भरती-ओहोटी होतीच, आणि तिनेच १८५८ ची दुर्गंधी लंडनभर फिरवली होती. पाठ्यपुस्तकातली ‘पाच दिवसांत समुद्र’ ही कथा त्या आठवणीपुढे जरा भाबडीच वाटते.

२०/
बाटलीचा दुसरा दोष अधिक गंभीर, आणि रसायनांच्या परिसरात तो जाणवतो. बीओडी मोजतात जीवाणू. नमुन्यात जीवाणूंनाच मारणारे विष असेल तर? ते खाणार नाहीत, प्राणवायू खर्ची पडणार नाही, आणि आकडा छान कमी येईल. सर्वांत विषारी पाणी कागदावर सर्वांत स्वच्छ ठरू शकते.

म्हणून दुसरी चाचणी: सीओडी, म्हणजे रासायनिक प्राणवायू मागणी. इथे जीवाणूंच्या भुकेवर काहीच अवलंबून नाही. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांच्यासह दोन तास उकळतात. जवळजवळ सारे सेंद्रिय द्रव्य जळून जाते. भारतीय मानकांत नदीत सोडण्याच्या सांडपाण्याची सीओडी मर्यादा २५० आहे. सीओडी भरमसाट आणि बीओडी किरकोळ असा अहवाल आला, तर जाणत्या रसायनतज्ज्ञाला पहिली शंका येते ती ही की बाटलीतल्या जीवाणूंचे काय झाले असावे.

२१/
आणि आकडा निघतो कसा? समजा, सांडपाण्याचे १० मिलिलिटर घेऊन ३०० मिलिलिटरची बाटली प्राणवायूने भरलेल्या स्वच्छ पाण्याने पूर्ण केली. पहिल्या दिवशी प्राणवायू ७.८, तिसऱ्या दिवसानंतर ४.८. फरक ३. नमुना तीस पट पातळ केला होता, म्हणून ३ गुणिले ३०: बीओडी ९०. नमुना पातळ केला नसता तर प्राणवायू पहिल्याच दिवशी संपला असता आणि काहीच कळले नसते. पातळ करणे हे प्रयोगशाळेत मोजमापाचे साधन आहे. नदीत तेच पळवाट होऊ शकते.

२२/
आता ताजा इतिहास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले: एकूण ३५१, त्यांपैकी महाराष्ट्रात ५३, कोणत्याही राज्याहून अधिक. पट्ट्यांची वर्गवारी बीओडीवरूनच केलेली. पाताळगंगा तिसऱ्या गटात, म्हणजे १० ते २० च्या टप्प्यात. उल्हास पाचव्या गटात, ३ ते ६. तिचा नोंदलेला पट्टा मात्र कर्जतच्या खाली, ठाणे जिल्ह्यातला.

१९१२ च्या प्रतवारीत १० म्हणजे ‘वाईट’. त्याच्यापुढचा रकाना आयोगाने ठेवलाच नव्हता.

२३/
इथे राजआयोगाचा भागाकार पुन्हा करून पाहावा. सांडपाणी कायद्याप्रमाणे, बीओडी ३०. स्वच्छ पाणी आठपट, बीओडी २. उत्तर ५.१: सीमारेषा ओलांडली, नदी ‘संशयास्पद’. स्वच्छ पाणी तिप्पटच असेल तर ९. जेवढे सांडपाणी तेवढेच स्वच्छ पाणी असेल तर १६.

म्हणजे प्रत्येक नळ कायद्यात बसत असतानाही नदी तिसऱ्या गटात जाऊ शकते. पाताळगंगेचे दुखणे नेमके हेच, असा याचा अर्थ नव्हे. प्रक्रिया न झालेले घरगुती सांडपाणी आणि चोरून सोडलेले पाणी यांचा वाटा असतोच. परंतु ‘आमचे पाणी मानकात आहे’ या उत्तराने नदीच्या काठी राहणाऱ्याचा प्रश्न का सुटत नाही, ते या हिशेबातून दिसते.

२४/
आणि छेदस्थानी असलेले ते स्वच्छ पाणी कोणाचे? लोणावळ्याचे धरण इंद्रायणीच्या उगमाशी आहे. भिवपुरीला पाणी देणारी आंध्रा ही इंद्रायणीचीच उपनदी. खोपोली आणि कर्जतच्या नद्यांना उन्हाळ्यात सावरणारे पाणी हे मुळात देहू-आळंदीकडे, भीमेतून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जाणारे. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७० च्या दशकात या पश्चिमेकडच्या वळवण्याला मर्यादा घातली. ती टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांसाठी मिळून वर्षाला सरासरी सुमारे ४२ अब्ज घनफूट आहे.

२५/
२०१८ च्या त्याच यादीत इंद्रायणी दुसऱ्या गटात आहे: बीओडी २० ते ३०, पाताळगंगेहून एक पायरी खाली. तिथली घाण शहरांची आणि कारखान्यांची. ती काही शंभर वर्षांपूर्वीच्या धरणांनी केलेली नाही. पण आळंदीला ती पातळ करायला जे पाणी हवे होते, त्यातले काही घाट उतरून सावरोलीच्या पुलाखालून वाहते आहे.

२६/
भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांतून हे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावे, अशी मागणी होत असते. ती पूर्ण वा अंशतः मान्य झाली, तर खालापूर आणि कर्जतला भागाकार नव्याने करावा लागेल. तसे आजही तो तासातासाला बदलतो: मुंबईची विजेची मागणी वाढली की वीजगृह जोरात चालते आणि नदी फुगते, निर्मिती थांबली की ओसरते. सकाळी भरलेली बाटली आणि संध्याकाळी भरलेली बाटली, एकाच पुलावरून घेतलेली, वेगवेगळा आकडा देऊ शकतात. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारखेबरोबर वेळही लिहावी लागते.

#इतिहास #पाताळगंगा #उल्हास #कर्जत #खालापूर